जबड्याच्या सांध्यातलं पाणी: संधिवात लवकर ओळखता येतो का?

टिपकागद

परवा एका ओळखीच्यांनी मला एक फिरत आलेला मजकूर पाठवला. 'जबड्याच्या सांध्यातलं थेंबभर पाणी तपासा, संधिवात एक्स-रेच्या आधी कळतो.' खाली प्रश्न होता, 'तुम्ही हेच काम करता ना, खरं आहे का?' दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हा धागा.

मी प्रयोगशाळेत सांधेद्रवाचे नमुने तपासते. डॉक्टर नाही, जीवरसायनशास्त्राची आहे. गुडघ्यातून पाणी काढलं की कधी कधी मोठी सिरिंज भरते. जबड्याचं तसं नाही. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, बोटाखाली सरकतं ते खालच्या जबड्याच्या हाडाचं टोक. ते आणि कवटीचा खळगा यांच्या मध्ये एक चकती असते आणि तिच्यामुळे सांध्याचे दोन कप्पे होतात. वरच्या कप्प्यात जेमतेम सव्वा मिलिलिटर मावतं, खालच्यात त्याहून कमी. तेही बाहेरून भरलं तर. एरवी आत असतो तो नुसता ओलावा.

हा ओलावा म्हणजे रक्तातून गाळून आलेलं पाणी. सांध्याच्या अस्तरातल्या पेशी त्यात हायल्युरॉनिक आम्ल आणि ल्युब्रिसिन मिसळतात, म्हणून ते बुळबुळीत असतं. हाडाच्या टोकावरच्या लवचिक थराला, म्हणजे कुर्चेला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचं खाणंपिणं या द्रवातून होतं आणि तिचा कचराही यातच येतो. म्हणजे सांध्यात काही बिघडायला लागलं, तर त्याची खबर हाडापेक्षा आधी पाण्याला लागणार. मूळ कल्पना ही, आणि ती चुकीची नाही. साध्या एक्स-रेवर हाडाची झीज दिसेपर्यंत तिथलं बरंचसं खनिज गेलेलं असतं. सीबीसीटीत, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेत, खड्डे, काटे, पोकळ्या नीट दिसतात, पण त्याही घडून गेलेल्या गोष्टी.

पाण्यात शोधायचं काय? पहिल्यांदा दाह पेटवणारे रेणू: इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८, प्रोस्टाग्लँडिन ई-२. त्यांच्या सांगण्यावरून पेशी कात्र्या सोडतात. या कात्र्या म्हणजे एमएमपी आणि ॲग्रिकेनेज नावाची विकरं (एन्झाइम). त्यांना आवरणारे टिंप नावाचे रेणूही तिथेच असतात, त्यामुळे नुसत्या कात्र्या मोजून भागत नाही. कात्र्या चालल्या की कुर्चेचे तुकडे पाण्यात येतात: केराटन सल्फेट, कॉन्ड्रॉइटिन सल्फेट, कॉम्प. शेवटी हाड खाणाऱ्या पेशींना जागं करणारं रँकल आणि त्याला अडवणारं ऑस्टिओप्रोटेजेरिन.

हे आजचं संशोधन नाही. दुखऱ्या जबड्याच्या सांध्यात प्रोस्टाग्लँडिन ई-२ आणि ल्युकोट्रायीन बी-४ सापडल्याचं क्विन आणि बझान यांनी १९९० सालीच छापलं. त्यानंतर बऱ्याच गटांनी दाखवलं की इंटरल्युकिन-१ बीटा किंवा टीएनएफ जास्त असलेल्या सांध्यांत हाडाची झीज जास्त आढळते. मग इतक्या वर्षांनंतरही ही तपासणी दवाखान्यात का नाही? मला बोलायचंय ते याबद्दल. सविस्तर लिहिते, आधी तुमचे प्रश्न येऊ द्या.

खटका

आयडीवरून कळलंच असेल! दहा वर्षं तोंड उघडताना उजवीकडे खट् आवाज येतो. दुखत नाही. हे वाचून पोटात गोळा आला. मी हे पाणी तपासून घ्यावं का?

सुईदोरा

खटका, शांत व्हा. मी मुखशल्यचिकित्सक आहे, असे सांधे रोज बघतो. तुमचा एकच स्वच्छ 'खट्' म्हणजे बहुतेक वेळा चकती जागेवरून थोडी पुढे सरकलेली असते आणि तोंड उघडताना ती परत जागेवर बसते. असं कितीतरी लोकांचं असतं आणि जन्मभर काही होत नाही. झिजेचा आवाज वेगळा. तो वाळू रगडल्यासारखा, करकर असा, आणि कितीदा तरी कानापेक्षा बोटाला आधी कळतो. तोंड पूर्ण उघडतंय, दुखत नाही, दातांची ठेवण बदललेली नाही, तर सुई टोचायचं काही कारण नाही.

हो, शेवटी विषय सुईचाच आहे. ही काही लघवीची तपासणी नाही. कानाच्या पुढे भूल देऊन वरच्या कप्प्यात सुई घालावी लागते. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या फांद्या आणि कानशिलाची रक्तवाहिनी जवळच असतात. अनुभवी हातात धोका कमी, पण शून्य नाही. १९९१ मध्ये नित्झान, डॉल्विक आणि मार्टिनेझ यांनी दोन सुया घालून सांधा धुण्याची पद्धत मांडली. तोंड अडकलेल्या रुग्णांना तिने खरोखर आराम पडतो. आज आमच्याकडे सांधेद्रव येतो तो बहुतेक अशा धुण्यातून. म्हणजे जो रुग्ण आधीच बराच त्रासलेला आहे त्याचा. 'लवकरच्या' रुग्णाचा नव्हे. धागाकर्त्या ताईंनी ही अडचणही मोजावी.

टिपकागद

डॉक्टर, बरोबर बोललात. आणि 'धुणं' हा शब्द तुम्ही वापरलात ते फार बरं झालं, कारण माझं अर्धं आयुष्य त्या शब्दाशी झगडण्यात जातंय.

गुडघ्यात सुई घातली की द्रव येतो, तो मोजला, संपलं. जबड्यात सुई घालून ओढलं तर सिरिंजमध्ये बहुतेक वेळा काहीच येत नाही. म्हणून आधी मिठाचं पाणी आत सोडायचं, आतल्या ओलाव्यात मिसळू द्यायचं आणि परत ओढायचं. माझ्या टेबलावर येतं ते हे धुवण. त्यात खरा सांधेद्रव किती? कधी दहा टक्के, कधी दोन टक्के, कधी जवळजवळ नाहीच. आता समजा दोन रुग्णांच्या धुवणात इंटरल्युकिन-६ सारखंच निघालं. एकाचा द्रव दहापट पातळ झालाय, दुसऱ्याचा पन्नासपट. मग खऱ्या सांध्यातला आकडा दुसऱ्याचा पाचपट. कागदावर मात्र दोघं सारखे.

यावर स्वीडनमधल्या आल्स्टरग्रेन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक उपाय छापला, आणि तो मला आजही फार आवडतो. मिठाच्या पाण्यात हायड्रॉक्सोकोबालामिन, म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाचं एक रूप, ठरलेल्या प्रमाणात मिसळायचं. ते लालबुंद असतं. आत सोडलेला लाल द्रव सांध्यातल्या ओलाव्यात मिसळून परत येतो तेव्हा किंचित फिका झालेला असतो. शरीरातलं स्वतःचं बी-१२ इतकं अल्प की हिशेबात धरायची गरज नाही. किती फिका झाला ते प्रकाशमापकावर वाचायचं, की पातळपणा कळला.

आकड्यांत सांगते. आत सोडलेल्या द्रवाचं वाचन १.०० धरा. परत आलेल्याचं ०.९५ आलं. म्हणजे नमुन्यात ५ टक्के सांधेद्रव. धुवणात टीएनएफ ४ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर निघालं तर सांध्यात ८०. इथवर छान. आता वाचन जरासं चुकलं, ०.९३ आलं, तर सांधेद्रव ७ टक्के आणि आकडा ५७. ०.९७ आलं तर ३ टक्के आणि आकडा १३३. सांधा तोच, रुग्ण तोच. दुसऱ्या दशांश स्थळावर जरा हललं, तर उत्तर दुपटीहून जास्त बदलतं.

आणि त्यात रक्त! सुई आत जाताना एखादी बारीक केशिका फुटली की नमुन्यात हिमोग्लोबिन येतं. तेही लाल, त्याच पट्ट्यात प्रकाश शोषणारं. यंत्राला वाटतं बी-१२ जास्त आहे. शिवाय रक्तातली प्रथिनं नमुन्यात येतात. सेरोटोनिन मोजायचं असेल तर बोलायलाच नको, ते रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांमध्ये ठासून भरलेलं असतं. नमुन्याची नळी उजेडासमोर धरून मी पहिल्यांदा रंग बघते. बी-१२ची लाली किरमिजीकडे झुकते, रक्ताची विटकरी वाटते. सरावाने ओळखू येते, पण डोळ्यावर विसंबत नाही, सगळ्या नळ्या यंत्रातून जातातच. शंका आली तर नमुना बाद. एका कामात असे इतके नमुने बाद करावे लागले होते की मला रडू फुटायचं बाकी होतं. प्रत्येक नळीमागे कुणीतरी सुई सोसलेली असते हो.

त्यामुळे एखाद्या लेखात जबड्याच्या सांधेद्रवातला आकडा दिसला की मी आधी बघते, पातळपणाचा हिशेब कसा केलाय. बी-१२ने, एकूण प्रथिनाने, की केलाच नाही. तो नसेल तर त्या आकड्याची दुसऱ्या लेखातल्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

संख्यामित्र

फारच माहितीपूर्ण. माझ्या बाजूने एक भर. 'रुग्णांमध्ये सरासरी जास्त आढळतं' आणि 'या आकड्यावरून रोग ओळखता येतो' ही दोन वेगळी विधानं आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

नुसतं उदाहरण म्हणून घ्या. जबडा दुखणाऱ्या १०० जणांपैकी १० जणांना खरोखर संधिवात सुरू झालाय. तपासणी ८० टक्के रुग्ण बरोबर पकडते आणि ८० टक्के निरोग्यांना बरोबर सोडते. ऐकायला चांगली वाटते. १० पैकी ८ पकडले. उरलेल्या ९० पैकी १८ जणांनाही उगाच 'आहे' असं सांगितलं. म्हणजे 'आहे' ऐकलेल्या २६ जणांत खरे रुग्ण फक्त ८. तीनातल्या दोघांहून जास्त लोक विनाकारण घाबरले, आणि कदाचित औषधं सुरू झाली.

शिवाय निरोगी माणसाचा आकडा कुठून आणायचा? काही दुखत नसताना जबड्यात सुई घालून घ्यायला कोण तयार होणार, आणि त्याला तयार करावं तरी का? बरेच अभ्यास वीस-तीस-चाळीस सांध्यांवर उभे आहेत. रेघ कुठे मारायची हेच ठरलेलं नाही.

सावली

नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायचं धाडस करते. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. चौथ्या वर्षापासून बालसंधिवात, गुडघे आणि घोटे. औषधं चालू आहेत, गुडघे आता छान आहेत. गेल्या महिन्यात जुने फोटो चाळत होते. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत हनुवटी बरोबर नाकाच्या रेषेत आहे. आत्ताच्या फोटोत जराशी डावीकडे. मी पन्नास वेळा बघितलं. नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला मान वाकडी असेल. मग तिला आरशासमोर उभं करून तोंड उघडायला सांगितलं, तर जबडा डावीकडे वळतो. ती म्हणते, अजिबात दुखत नाही. मी हाच मजकूर वाचून इथे आले. तिच्या जबड्यातलं पाणी तपासून घ्यायचं का? कुठे चुकतंय का माझं, आधी बघायला हवं होतं का?

सुईदोरा

सावलीताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. उलट जे तुम्ही फोटोत पकडलंत ते तपासणीच्या खोलीतही निसटतं. बालसंधिवातात जबड्याचा सांधा फार गुपचूप आजारी पडतो. मूल दुखतंय म्हणत नाही, बाहेरून सूज दिसत नाही, रक्तातला दाहाचा निर्देशक सीआरपी व्यवस्थित असू शकतो, आणि एमआरआय केला की आत दाह. 'दुखत नाही' यावर म्हणूनच थांबू नका.

घाई करायची ती का, तेही सांगतो. मांडीच्या हाडात वाढीचा थर आत खोल असतो. जबड्याच्या टोकाला वाढणारी कुर्चा अगदी पृष्ठभागापाशी असते, वर फक्त पातळ तंतुमय आवरण. सांध्यातला दाह थेट तिला जाऊन भिडतो. एका बाजूची वाढ मंदावली की हनुवटी त्या बाजूला सरकते. दोन्ही बाजूंची मंदावली तर हनुवटी मागे राहते.

आता पाण्याबद्दल. तिच्यासाठी ही तपासणी मी करणार नाही. वाढत्या सांध्यात फक्त आकड्यासाठी सुई घालणं मला पटत नाही. त्यासाठी तिला गुंगी किंवा पूर्ण भूल द्यावी लागेल, आणि येणाऱ्या आकड्याने उपचार ठरणार नाहीत. तिचे संधिवाततज्ज्ञ आहेत त्यांना फोटो दाखवा आणि जबड्याच्या सांध्याचा कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करण्याबद्दल विचारा. नुसत्या ओपीजीवर, म्हणजे पूर्ण जबड्याच्या साध्या एक्स-रेवर, समाधान मानू नका, त्यात दाह दिसत नाही. एमआरआयही डोळे झाकून वाचायचा नसतो. निरोगी मुलांतही थोडं पाणी आणि थोडी चमक दिसू शकते. म्हणून मुलांचे सांधे बघायची सवय असलेल्या रेडिओलॉजिस्टकडून वाचून घ्या.

घरी एक करा. मिलिमीटरची पट्टी घ्या. वरच्या मधल्या दाताच्या कडेपासून खालच्या मधल्या दाताच्या कडेपर्यंत, पूर्ण तोंड उघडून. दर वेळी तेच दात, तीनदा मोजायचं, सगळ्यात मोठं लिहायचं. महिन्यातून एकदा पुरे. एका आकड्याला फार अर्थ नाही, पण उतरत गेलेला आकडा कुठल्याही वहीत स्पष्ट दिसतो. आणि विषय निघालाच आहे तर, डोळ्यांची स्लिट लँप तपासणी चुकवू नका. बालसंधिवातात डोळ्यातला दाहही असाच न दुखता येतो.

सावली

खूप खूप आभार डॉक्टर. उद्याच फोन करते. पट्टी आत्ताच घेतली, ३४ आलं.

अबोली

सुईची इतकी अडचण असेल तर रक्त किंवा लाळ का चालत नाही? लाळ तर तिथेच शेजारी असते.

टिपकागद

अबोली, शेजारी दिसते, पण लाळेचा सांध्याशी थेट संबंध नाही. लाळ ग्रंथींतून येते, सांधा स्वतःच्या पिशवीत बंद असतो. शिवाय हिरड्या सुजलेल्या असल्या तरी लाळेत इंटरल्युकिन वाढतात.

रक्ताचं म्हणाल तर आमवातात, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांवरच उलटते त्या संधिवातात, रक्त उपयोगी आहेच, आरएफ आणि अँटी-सीसीपी हे प्रतिपिंड रक्तातच बघतात. पण ते सांगतात की शरीरात रोग आहे, जबड्यात आहे की नाही ते नव्हे. आणि उलट गंमत अशी की आमवाताच्या रुग्णात सांधेद्रवातलं टीएनएफ काही अंशी रक्तातूनच झिरपून आलेलं असतं. म्हणून त्याच दिवशी रक्तही घेऊन दोन्ही आकडे शेजारी ठेवावे लागतात. सांध्यात रक्तापेक्षा जास्त असेल तरच म्हणता येतं की हे तिथे तयार होतंय.

वाटसरू

वाचून थोडा चिडलोय, माफ करा. पस्तीस वर्षं मोजताय, पातळपणाची बोंब, रेघ ठरत नाही, निरोगी नमुने नाहीत, आणि हेच रेणू नुसती चकती सरकली तरी वाढतात असंही मी वाचलंय. मग हे सगळं थांबवून तोच पैसा एमआरआयवर का लावत नाही?

टिपकागद

वाटसरू, रागावलात तरी प्रश्न रास्त आहे. शेवटचा मुद्दा तर मीच लिहायला हवा होता. इंटरल्युकिन-६ झिजेत वाढतं, आमवातात वाढतं, चकती सरकून सांधा चिडला तरी वाढतं. ते 'इथे दाह आहे' म्हणतं, 'हा कुठला रोग' ते म्हणत नाही.

पण थांबवावं असं मला वाटत नाही, आणि याला कारण आहे. एमआरआय दाह दाखवतो, तो दाह कशाच्या जोरावर चाललाय ते दाखवत नाही. दोन मुलांचे सांधे एमआरआयवर सारखे चमकतात. एकाचं हाड दोन वर्षांत झिजतं, दुसऱ्याचं तसंच राहतं. फरक कुठे आहे? कात्र्या आणि त्यांना आवरणारे यांच्या तोलात, रँकल आणि ऑस्टिओप्रोटेजेरिनच्या तोलात, असा अंदाज आहे. तो तपासायला पाण्याशिवाय दुसरी जागा नाही. आणि एकेक रेणू न धरता गुणोत्तरं धरली, तर पातळपणाचा प्रश्नही बराच सुटतो. दोन्ही रेणू एकाच नळीत सारखेच पातळ झालेले असतात ना!

काही ठिकाणी तर सांधेद्रव आजही शेवटचा शब्द आहे. सांध्यात पू झालाय का हे पेशी मोजून आणि जंतू वाढवून कळतं. कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक जबड्यातही होतात, तेव्हा ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते बारीक चौकोनी तुकडे दिसले की वाद मिटतो. तिथे कोणी थेंब फुकट घालवत नाही.

माझं म्हणणं एवढंच. फक्त आकड्यासाठी कुणालाही टोचू नका. पण ज्याचा सांधा उपचारासाठी धुतलाच जातोय, त्याचं पहिलं धुवण बेसिनमध्ये ओतू नका. संमती घ्या, पातळपणाची खूण मिसळा, त्याच दिवशी रक्त घ्या, नमुना उणे ८० अंशांवर ठेवा, आणि त्या रुग्णाचा सांधा पुढची दोन-तीन वर्षं बघत राहा. आज आपल्याकडे 'त्या दिवशी पाण्यात काय होतं' याचे आकडे आहेत. 'पुढे त्या सांध्याचं काय झालं' हे त्याच्या शेजारी लिहिलेलं फार कमी आहे.

सुईदोरा

मान्य. आणि कबूल करतो, मी स्वतः कित्येक वेळा ते पहिलं धुवण टाकून दिलंय. पुढच्या वेळेपासून नाही. ताई, नळी कशी हाताळायची, किती वेळात गोठवायची, हे व्यनितून कळवाल का?

टिपकागद

आज रात्रीच कळवते. रक्त मिसळलेलं दिसलं तरी टाकू नका, वेगळी खूण करून पाठवा. बाद करायचं की नाही ते मी बघीन.

सावली

धागा वर काढतेय, पाच महिन्यांनी. एमआरआय झाला. डाव्या सांध्यात दाह होता, उजवा ठीक. हाडाला डावीकडे अगदी बारीक खाच, बाकी आकार शाबूत. सांध्यात इंजेक्शन द्यायचं का यावर डॉक्टरांनी बराच विचार केला. वाढत्या वयात तिथे स्टिरॉइडने वाढीवर परिणाम होण्याची आणि नको तिथे हाड धरण्याची भीती असते म्हणाले, म्हणून आधी तिची रोजची औषधं बदलली. जबड्याचे व्यायाम आहेत. दातांच्या डॉक्टरांनी एक स्प्लिंट दिलंय, ते ती कुरकुर न करता घालते.

वहीतले आकडे लिहिते, कुणाला उपयोग झाला तर: ३४, ३३, ३३, ३५, ३७, ३८. काल ३८ आलं तेव्हा तिने स्वतःच पट्टी हातात घेऊन परत मोजलं.